रक्त गोठते कुठे?

काजूच्या मोसमात गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला माणूस पाचोळ्यात पाय जपूनच टाकतो; घोणस तिथेच पडून असते. दंशाची शंका आली की इस्पितळात कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन ठेवतात. वीस मिनिटे नळीला हात लावायचा नाही, मग ती तिरकी करायची. रक्त ओघळले तर विष भिनले. बाहेर बाकड्यावर बसलेल्यांना ही वीस मिनिटे सरता सरत नाहीत. घोणशीचे विष रक्तातला फॅक्टर टेन, म्हणजे गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी एक, विनाकारण जागा करते आणि गोठवणारी प्रथिने वाया जाऊन संपतात.

एरवी गोठण्याचे हे काम चालते ते पेशीच्या स्निग्ध पडद्यावर. प्रथिने तिथे बसतात कशी, याचा माग मात्र गुरांच्या गोठ्यातून लागला. 1920 च्या दशकात उत्तर अमेरिकेत कुजका स्वीट क्लोव्हर खाऊन गुरे रक्तस्रावाने मरत. विस्कॉन्सिनमध्ये कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्यातून डायकुमारॉल वेगळे केले. त्याचेच भावंड वॉरफरिन, आधी उंदीर मारायला आणि नंतर माणसे वाचवायला. ही द्रव्ये व्हिटॅमिन के ची वाट अडवतात, हे ठाऊक होते. पण के नेमके करते काय?

उत्तर 1974 मध्ये मिळाले. योहान स्टेनफ्लो आणि सहकाऱ्यांनी डायकुमारॉल दिलेल्या गाईंचे प्रोथ्रॉम्बिन हे गोठवणारे प्रथिन निरोगी गाईंच्या प्रोथ्रॉम्बिनशी ताडून पाहिले. निरोगी रेणूत ग्लुटामिक आम्लाच्या दहा जागी एकेक जादा कार्बॉक्सिल गट होता. एका बोटाचा जणू चिमटा झालेला! हे चिमटे कॅल्शियम धरतात आणि कॅल्शियमच्या आधाराने प्रथिन फॉस्फॅटिडिलसेरिन या मेदावर बसते. डायकुमारॉलवाल्या गाईंत चिमटेच नव्हते; म्हणजे चिमटे बसवायला के लागते.

हा मेद एरवी पडद्याच्या आतल्या बाजूला असतो. जखम झाली की रक्तबिंबिका अंगरख्याचे अस्तर उलटे करावे तसा तो बाहेर आणतात. मास्ट्रिख्टच्या झ्वाल आणि बेव्हर्स यांनी हा उलटाव तपशिलात अभ्यासला. फॅक्टर टेन आणि फॅक्टर फाइव्ह या पडद्यावर शेजारी बसले, की प्रोथ्रॉम्बिनपासून गुठळी बनवणारे थ्रॉम्बिन सुमारे तीन लाख पटींनी वेगाने तयार होते. मला तरी सगळ्या प्रकरणातला हाच आकडा थक्क करतो.

अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम या विकाराच्या रुग्णांचे प्रतिपिंड थेट अशा मेदालाच धरतात, अशी पुढे समजूत होती. 1990 मध्ये कळले, की ते धरतात मेदावर बसलेल्या बीटा-2 ग्लायकोप्रोटीन-1 या प्रथिनाला. हे प्रतिपिंड शोधायच्या एका चाचणीत पातळ केलेले घोणशीचेच विष वापरतात, आणि मेद मोजून-मापून थोडा. प्रतिपिंडांनी तेवढा अडवला की गोठणे लांबते. वरून जादा मेद घातला की वेळ पुन्हा आटोक्यात येतो.