दादरही उपनगर, वांद्रेही उपनगर. पण अर्थ वेगळे

बोरिवलीकर ‘टाउनला चाललोय’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात चर्चगेट असतं. दादर त्याला आपल्यातलंच वाटतं. सरकारी कागद मात्र दादरला मुंबई शहर जिल्ह्यात धरतो आणि वांद्र्याला मुंबई उपनगर जिल्ह्यात. दाखल्यासाठी कुणी फोर्टातल्या जुन्या कस्टम हाउसला जायचं आणि कुणी वांद्रे पूर्वेला, हे त्यावरच ठरतं.

बोरिवलीकर तसा चुकत नाही. दादर खरोखरच उपनगर म्हणून वसवलं गेलं. १८९६ च्या प्लेगनं कोंदट चाळींची दैना उघडी पाडली आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. दादर, माटुंगा, वडाळा, शीव या पट्ट्यातली शेतं आणि वाड्या घेऊन ट्रस्टनं आधी रस्ते आखले, मग भूखंड दिले. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स ही सगळी त्या आखणीतली. पण जमीन मुंबई बेटाचीच. गर्दी बेटातल्या बेटात उत्तरेला सरकली, इतकंच.

वांद्रे मुळात दुसऱ्याच मुलखातलं. १६६१ च्या विवाह-करारात पोर्तुगिजांनी मुंबई इंग्लंडच्या राजाला दिली, १६६८ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. साष्टी, म्हणजे वांद्रे ज्यावर आहे ते उत्तरेचं बेट, मात्र पोर्तुगिजांकडेच राहिली. माहीमच्या खाडीच्या एका काठावर इंग्रज, दुसऱ्यावर पोर्तुगीज! पुढे चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेच्या काळात साष्टी मराठ्यांकडे आली. इंग्रजांनी ती १७७४ च्या अखेरीस घेतली. म्हणजे शंभराहून अधिक वर्षं वांद्रे आणि माहीम शेजारी असूनही परके होते. वांद्र्याची गावठाणं आणि सोळाव्या शतकापासूनची चर्चपरंपरा कुठल्याही ट्रस्टच्या नकाशातून उगवलेली नाही. १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे झाला, त्याला लेडी जमशेटजींनी पैसे दिले, तेव्हा कुठे पाय न भिजवता पलीकडे जाता येऊ लागलं. उपनगर जिल्हा तर १९२० चा. मधे तो मुंबईतच विरला आणि १९९० मध्ये पुन्हा वेगळा झाला.

पाटी वाचायची सवय असेल तर लोकलमधूनही हद्द कळते. पश्चिमेला माहीम सुटलं आणि वांद्रे आलं की जिल्हा बदलला. मध्य मार्गावर शीव आणि कुर्ल्याच्या मधे. शीव म्हणजे वेस, गावाची हद्द. इंग्रजांनी त्याचं ‘सायन’ केलं आणि अर्थ पाटीवरून गेला.