कॅमेऱ्यात खोटं चित्र घुसवता येतं का? त्याआधी डीव्हीआरचं घड्याळ बघा

सीसीटीव्ही कॅमेरे बसवून बिल करताना आम्हाला एक प्रश्न हमखास येतो. सिनेमात दाखवतात तसं चोरानं कॅमेऱ्यावर जुनंच चित्र लावून ठेवलं तर? रिकाम्या गल्लीची क्लिप फिरत राहते, वॉचमन चहा पीत बसतो आणि मागं तिजोरी साफ. दर वेळी काउंटरवर समजावत बसण्यापेक्षा एकदा लिहूनच दिलेलं बरं.

अशक्य नाही, पण फार कटकटीचं आहे. कॅमेऱ्यापासून डीव्हीआरपर्यंत, म्हणजे रेकॉर्डिंग करणाऱ्या यंत्रापर्यंत, कॉक्स वायर (टीव्हीच्या केबलसारखी) असेल तर चोराला ती मधेच तोडून कॅमेऱ्याच्याच जातीचा, त्याच रिझोल्यूशनचा सिग्नल सोडावा लागेल. जोडाजोडीत सिग्नल क्षणभर गेला, तरी डीव्हीआर लॉगमध्ये 'व्हिडिओ लॉस'ची नोंद करून ठेवू शकतो. वेळेचे आकडे डीव्हीआर स्वतः वर छापतो, त्यामुळे क्लिपवरही आत्ताचीच वेळ दिसेल. चोराला तेवढी एक सवलत. पुढं उजेडाचं काय करणार? नव्या मोंढ्यातल्या एका दुकानाचं चित्र आत्ता समोर आहे. चार वाजता लिंबाची सावली पायरीवर होती, साडेचारला शटरच्या कडीपर्यंत आली, आणि पोत्यावरचं कुत्रं उठून हातगाडीखाली गेलं. रात्री लाइट गेली की अंधारामुळे गल्लीतल्या इन्व्हर्टरवरच्या सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्र एकदम काळंपांढरं होतं. चोराच्या क्लिपमध्ये मात्र ट्यूब लख्ख चालू!

"आता एआयनं सगळं होतं की," असंही म्हणतात. रेकॉर्ड झालेलं चित्र निवांत बसून बदलणं वेगळं आणि चालू चित्र बदलणं वेगळं. सेकंदाला 25 फ्रेम म्हणजे एका फ्रेमला 40 मिलिसेकंद. समोर स्थिर बसलेल्या माणसाचा चेहरा बदलता येतो, पण तोंडासमोर हात आला, मान पूर्ण वळली की गडबड दिसायला लागते. 2024 मध्ये हाँगकाँगला व्हिडिओ कॉलवर साहेबांचे खोटे चेहरे बघून एका कर्मचाऱ्यानं 20 कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले. तिथंही चित्र आधीच तयार करून ठेवलेलं होतं, असं पोलिसांनी सांगितलं.

आपल्याकडचा चोर एवढा अभ्यास करत नाही. तो वायर कापतो, काठीनं कॅमेरा आभाळाकडं करतो, नाहीतर गल्ल्याखालचा डीव्हीआरच उचलून नेतो. म्हणून आम्ही कुलपाच्या लोखंडी पेटीचा आग्रह धरतो. पेटी आमच्याकडूनच घ्या असं नाही, पण घ्या.

आता खरं दुखणं. खोटं चित्र खरं करणं अवघड आहे, पण खरं चित्र खोटं ठरवणं फार सोपं. डीव्हीआरचं घड्याळ चुकलेलं असलं की झालं. मागच्या पावसाळ्यात बियाण्याच्या एका दुकानातून फोन आला, "रेकॉर्डिंगच नाही हो, पैसे पाण्यात गेले." जाऊन बघतो तर रेकॉर्डिंग होतं, पण 1 जानेवारी 2000 पासून पुढं! बोर्डावरचा नाण्याएवढा सेल संपला होता, आणि लाइट गेली की घड्याळ मागं जाऊन बसायचं. चोरीची पाच मिनिटं शोधायला आमच्या पोराला अख्खी दुपार लागली. शेजारच्या दुकानाचा कॅमेरा सात मिनिटं पुढं, त्यामुळे दोन्हींचा मेळ बसवायलाही वेळ गेला.

वेळेचं महत्त्व जालनेकरांना वेगळं सांगायला नको. 2014 च्या विधानसभेचा आपल्याकडचा अर्ज दुपारी 3 च्या आत आला की नंतर, हा वाद निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या व्हिडिओवरून थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. मूळ यंत्र हजर करत नसाल तर रेकॉर्डिंगच्या प्रतीसोबत कायद्यातलं प्रमाणपत्र लागेलच, असं 2020 मध्ये न्यायालयानं सांगितलं. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 लागू आहे, आणि त्याच्या प्रमाणपत्रात फाइलचा हॅशही, म्हणजे फाइलमध्ये जरा बदल झाला तरी बदलणारा तिचा ओळख-आकडा, लिहावा लागतो. त्यामुळे मॉनिटरचं मोबाइलवर शूटिंग करून पोलिसांना पाठवलं की काम झालं, असं समजू नका. आम्हाला बोलवा, पेनड्राइव्हवर मूळ फाइल आणि हॅश काढून देतो.

घड्याळाचा पासवर्ड दुकानातल्या सगळ्यांना का देत नाही, म्हणून काहीजण रागावतात. रागवा. ज्याला वेळ बदलता येते, त्याला स्वतःची उशिराची हजेरीही बदलता येते. मालकाला पासवर्ड बंद पाकिटात मिळतोच.

डीव्हीआर नेटला जोडलेला असेल तर वेळ आपोआप जुळेल असं सेटिंग आम्ही करून देतो. नेट नसेल तर महिन्याच्या एक तारखेला स्वतः बघा. एक मिनिटापेक्षा जास्त फरक असेल तर व्हॉट्सॲपवर फोटो टाका. वार्षिक देखभाल करारात सेल आणि फेरी दोन्ही फुकट, बाकीच्यांना फेरीचे पैसे पडतील. फोटोत मॉनिटर आणि मोबाइलचं घड्याळ दोन्ही एकत्र येऊ द्या. नुसत्या मॉनिटरचा फोटो आला तर आम्हाला परत फोन करावा लागतो.