गाडीतला रडार डिटेक्टर

रडार डिटेक्टर म्हणजे गाडीच्या पुढच्या काचेवर लावायचा छोटासा रेडिओ रिसीव्हर. पोलिसांच्या स्पीड गनमधून ज्या मायक्रोवेव्ह लहरी निघतात त्या हा पकडतो आणि बीप करून सांगतो की बाबा रे, पुढे कुठेतरी स्पीड मोजणं चाललंय. स्वतः मुद्दाम काही सोडत नाही, फक्त ऐकतो. रडार जॅमर ही वेगळी भानगड, तो उलट लहरी सोडून गनला गोंधळात टाकतो आणि अमेरिकेत तो फेडरल कायद्यानेच बंद आहे, पण लोक या दोन्हीची सारखी गल्लत करतात.

हा मुळात अमेरिकन प्रकार. तिकडे हायवेवर स्पीडिंगचं तिकीट मिळालं की नुसता दंड भरून विषय संपत नाही, बऱ्याच राज्यांत लायसन्सवर पॉइंट लागतात आणि गाडीच्या इन्शुरन्सचा हप्ता पुढची काही वर्षं वाढलेला राहतो, तो सगळा हिशोब केला तर एक तिकीट दंडाच्या कितीतरी पट महाग पडतं. म्हणूनच चारपाचशे डॉलरचं यंत्र घ्यावं का नाही हा प्रश्न तिथे गंभीरपणे विचारला जातो.

चालतो कसा

गनमधून निघालेली लहर गाडीवर आपटून परत येते, येताना तिची फ्रिक्वेन्सी थोडी बदललेली असते (हाच तो शाळेत शिकलेला डॉपलर परिणाम), त्या फरकावरून वेग कळतो. के बँडच्या (पोलिसी रडारला ठरवून दिलेल्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांपैकी एक) २४.१५ गिगाहर्ट्झच्या गनला ताशी एका मैलामागे साधारण ७२ हर्ट्झचा फरक दिसतो. आता खरी गंमत अशी की गनला जाऊन परत आलेली लहर वाचायची असते, डिटेक्टरला मात्र फक्त जाणारी ऐकायची असते. अंतर दुप्पट केलं तर डिटेक्टरकडे पोचणारा सिग्नल चौथा हिस्सा उरतो, पण गनकडे परत येणारा सोळावा हिस्सा. त्यामुळे सरळ मोकळ्या रस्त्यावर डिटेक्टरला गनची चाहूल कधीकधी मैलभर किंवा त्याहूनही आधी लागते, आणि गनला मात्र तेवढ्या लांबून तुमची गाडी धड वाचता येत नाही. ताशी ७० मैलांनी जाताना एक मैल म्हणजे जवळपास ५० सेकंद. तुम्ही पैसे मोजता ते या सेकंदांसाठी, बाकी सगळं म्हणजे ॲप, रंगीत स्क्रीन वगैरे वरची सजावट आहे.

थोडा इतिहास

पोलिसांनी रस्त्यावर रडार वापरायला सुरुवात केली ती १९४० च्या दशकाच्या शेवटी, कनेक्टिकटमधल्या ग्लास्टनबरीत १९४७ मध्ये त्याची चाचणी झाली होती. डिटेक्टरचं पीक मात्र आलं १९७४ नंतर. तेलटंचाईमुळे निक्सन सरकारने अख्ख्या देशात कमाल वेग ताशी ५५ मैल (साधारण ८८ किमी) करून टाकला, आणि मैलोन्मैल सरळ रिकामे रस्ते असलेल्या देशात हे कोणाच्या पचनी पडणार. ट्रकवाले सीबी रेडिओवरून (गाडीतून एकमेकांशी बोलायचा साधा रेडिओ) एकमेकांना पोलिस कुठे बसलेत ते सांगायचे आणि जोडीला ओहायोतल्या डेल स्मिथचा फझबस्टर नावाचा डिटेक्टर. फझबस्टर तसा ओबडधोबडच होता. १९७८ मध्ये जिम जेगर आणि माइक व्हॅलेंटाइन यांच्या सिनसिनाटी मायक्रोवेव्ह कंपनीने एस्कॉर्ट काढला, त्यात सुपरहेटरोडाइन रिसीव्हर होता म्हणजे घरातल्या चांगल्या रेडिओत असतो तीच पद्धत, आणि त्यामुळे फार लांबचा, फार क्षीण सिग्नलही पकडता यायला लागला. पुढे व्हॅलेंटाइनने वेगळं होऊन १९९२ मध्ये व्हॅलेंटाइन वन आणला, त्यात सिग्नल पुढून येतोय, बाजूने का मागून हे दाखवणारे बाण होते. ५५ ची देशव्यापी मर्यादा १९९५ मध्ये रद्द झाली पण डिटेक्टर राहिला.

रडारवर आंधळा विश्वास नको हे कळायला १९७९ चा मायामीचा किस्सा पुरेसा आहे, तिथे टीव्हीवाल्यांनी पोलिसी रडार लावून दाखवलं तर एक झाड ताशी ८६ मैलांनी आणि एक घर ताशी २८ मैलांनी पळताना निघालं. त्यावरून कोर्टबाजी झाली आणि वापरणाऱ्यांच्या ट्रेनिंगचा विषय ऐरणीवर आला.

कुठे उपयोगी, कुठे नाही

अमेरिकेत पोलिसी रडार तीन बँडवर चालतं. एक्स बँड (१०.५ गिगाहर्ट्झच्या आसपास) आता जवळपास संपलाय. के बँड २४ गिगाहर्ट्झचा. आणि केए बँड ३३.४ ते ३६ गिगाहर्ट्झ, त्यातही ३३.८, ३४.७ आणि ३५.५ हे आकडे डिटेक्टरवाल्यांना तोंडपाठ असतात कारण केए वर कडक बीप आली की ते बहुतेक वेळा खरंच पोलिस असतात. के बँडचा मात्र पार बट्ट्याबोळ झालाय. सुपरमार्केटची आपोआप उघडणारी दारं त्याच बँडवर, आणि शेजारून जाणाऱ्या गाडीची ब्लाइंड स्पॉट सिस्टीमही (आरशात न दिसणारी बाजूची गाडी ओळखणारी) कित्येक मॉडेल्समध्ये २४ गिगाहर्ट्झवरच. म्हणजे ट्रॅफिकमध्ये शिरलात की यंत्र अखंड कोकलत राहतं. महागड्या डिटेक्टरमध्ये हे खोटे सिग्नल गाळायचं सॉफ्टवेअर असतं, जीपीएसवरून ठरावीक दारं लक्षात ठेवून गप्प बसायची सोय असते, शंभर डॉलरच्या आतल्या स्वस्त मालात यातलं फारसं काही धड चालत नाही आणि मग कंटाळून माणूस आवाज बंद करतो, तोच नेमका खरा पोलिस यायची वेळ. स्वस्त डिटेक्टर घेण्यापेक्षा न घेतलेला बरा असं अनुभवी लोक म्हणतात ते काही उगाच नाही.

दुसरी अडचण म्हणजे इन्स्टंट ऑन. पोलिस गन बंद ठेवून बसतो, गाडी टप्प्यात आली की बटण दाबतो आणि क्षणात वेग वाचतो. तुमच्या डिटेक्टरने बीप केली खरी पण ती तिकीट फाडल्याची वर्दी समजायची. यातून वाचायचं तर तुमच्या पुढे मैलभरावर दुसरी कोणीतरी गाडी हवी, तिच्यावर गन मारली की इकडेतिकडे उडालेले लहरींचे शिंतोडे तुमच्या डिटेक्टरला लागतात, अशा पुढच्या गाडीला हे लोक ससा म्हणतात.

लेझर गनपुढे तर बहुतेक खेळ खलासच. ९०४ नॅनोमीटरचा अदृश्य झोत ३०० मीटरवर जेमतेम मीटरभर रुंद असतो, रडारचा झोत तेवढ्याच अंतरावर अख्खा रस्ता झाकून वर उरतो. लेझर नेमक्या तुमच्या नंबरप्लेटवर धरतात, अर्ध्या सेकंदाच्या आत आकडा हातात, शिंतोडे उडायचा प्रश्नच नाही. डिटेक्टरवर लेझरचा सेन्सर असतो आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलंही असतं, पण तो वाजला म्हणजे बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. आणि जिथे लहर नाहीच तिथे यंत्र काय ऐकणार? मागे लागून स्पीडोमीटरवर वेग जुळवणारी पोलिस गाडी, दोन खुणांमधला वेळ मोजायची व्हॅस्कार पद्धत, वरून विमानातून मोजणं, यातलं काहीही डिटेक्टरला कळत नाही.

वेझ या रस्ता दाखवणाऱ्या ॲपमुळे (गूगलने ते २०१३ मध्ये घेतलं) पुष्कळांची गरज भागून गेली. लेझर असो रडार असो, आधी गेलेल्या कोणी पोलिस दिसल्याचं टाकलं की तुम्हाला कळतं, तेही फुकट. फक्त रात्री तीन वाजता रिकाम्या हायवेवर टाकणारं कोणी नसतं, आणि पोलिस सतत रडार चालू ठेवून गस्त घालत असेल तर डिटेक्टर सगळ्यात जास्त कामाला येतो तो नेमका तिथेच. म्हणजे ज्याचं महिन्याला हजारो मैल मोकळ्या इंटरस्टेटवर (राज्याराज्यांतून जाणारे मोठे हायवे) ड्रायव्हिंग आहे त्याला चांगला डिटेक्टर पैसे वसूल करून देऊ शकतो, आणि ज्याचं घर ते ऑफिस एवढंच, तेही गर्दीतून, त्याने ते पैसे टायरवर घालावेत.

कायदा

खाजगी गाडीत डिटेक्टर वापरणं अमेरिकेत बहुतेक ठिकाणी चालतं, व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन डीसी सोडून. मोठ्या व्यापारी ट्रकांना मात्र देशभर बंदी आहे, लष्करी तळांवरही नेता येत नाही. कॅलिफोर्निया आणि मिनेसोटात काचेवर चिकटवण्यावरच बंधन असल्यामुळे लोक तो डॅशबोर्डवर ठेवतात. न्यू जर्सीहून आय-९५ हायवेने खाली दक्षिणेकडे जाणाऱ्या आपल्या मंडळींनी व्हर्जिनियाचं खास लक्षात ठेवावं. तिथले पोलिस डिटेक्टर शोधायचा डिटेक्टर वापरतात, कारण सुपरहेटरोडाइन रिसीव्हरमधून त्याच्या आतल्या ऑसिलेटरची (स्वतःची लहर तयार करणारा भाग) थोडी लहर बाहेर गळतेच आणि ती लांबून पकडता येते. शिवाय तिथे लिमिट ७० असताना ८६ ला सापडलात तर ते रेकलेस ड्रायव्हिंग, म्हणजे साधं तिकीट नसून फौजदारी गुन्हा, वरची मर्यादा बारा महिने कैद आणि २,५०० डॉलर दंड. व्हिसावर असलेल्या माणसाला असली नोंद किती महाग पडू शकते हे वेगळं सांगायला नको.

कॅनडात ब्रिटिश कोलंबिया, अल्बर्टा, सस्कॅचवान इथे चालतो, बाकी ठिकाणी नाही. ब्रिटनमध्ये चालतो. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये बंदी, यंत्र जप्त होतं ते वेगळंच.

आणि महाराष्ट्रात?

अमेरिकेहून येताना कोणी आणलाच तर इथे त्याला काम फारसं नाही. हायवे पोलिसांच्या इंटरसेप्टर गाड्यांत जास्त करून लेझर गन असतात. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर २०२४ पासून आयटीएमएस या वाहतुकीवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेचे कॅमेरे लागलेत, नुसता एका जागचा वेग नाही तर दोन ठिकाणांमधला सरासरी वेगही काढतात. कॅमेरा दिसला की करकचून ब्रेक आणि पुढे गेलं की परत १२० ही आपली जुनी सवय तिथे चालत नाही. चलान सरळ मोबाइलवर येतं, कायद्यात कारसाठी दंड १,००० ते २,००० रुपये धरलाय, एवढ्यासाठी पन्नास हजाराचं यंत्र लावायचं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मॅप्समध्ये कॅमेऱ्याच्या जागा तशाही फुकट दिसतात.