ताक प्यायल्यासारखे ओठ: लाल ते न्यूड लिपस्टिकची मागची गोष्ट

मामेबहिणीच्या लग्नासाठी दादरच्या एका दुकानातून मी न्यूड, म्हणजे अंगाच्या रंगाशी मिळत्याजुळत्या शेडची लिपस्टिक घेतली होती. काउंटरवरच्या मुलीने माझ्या हाताच्या पाठीवर एक रेघ ओढली, आणि दुकानातल्या पिवळ्या लाईटमध्ये ती रेघ इतकी गोड दिसली की मी किंमत पण नीट बघितली नाही. फोटो आले तेव्हा कळलं. साडी छान, नथ छान, आणि नथीच्या खाली ओठांच्या जागी एक पांढुरकी पट्टी. मावशीने मोबाईलवर फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाली, "अगं, ताक पिऊन तोंड पुसायचं राहिलं का?"

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. "मला काय सूट होतं" हा प्रश्न आपण असा विचारतो की जणू दोष आपल्या तोंडाचाच आहे, शेड बिचारी बरोबरच असते. पण जरा मागे जाऊन बघितलं तर लक्षात येतं की शेड निवडायचे जे नियम आपल्याला पाठ झालेत ते कुणीतरी भलत्याच चेहऱ्यांकडे बघून केलेले आहेत, आणि दर वीस-तीस वर्षांनी नवा नियम आला तरी आपली रवानगी परत त्याच एका खणात झालेली आहे.

ओठ रंगवणं आपल्याकडे काही नवीन नाही हो. कामसूत्रात शहरी शौकीन माणसाची सकाळ कशी असावी याचं वर्णन आहे, त्यात तो ओठांना मेण आणि अळिता लावतो, आरशात तोंड बघतो, विडा खातो आणि मग कामाला लागतो. तो, म्हणजे पुरुष, हे नीट वाचा. आणि मेण अधिक लाखेचा रंग म्हणजे ढोबळमानाने लिपस्टिकच झाली की. कालिदासाने मेघदूतात यक्षाच्या बायकोला श्यामा म्हटलंय आणि त्याच ओळीत पक्वबिम्बाधरोष्ठी पण म्हटलंय. श्यामा म्हणजे सावळी की नुसतीच तरुण यावर टीकाकार वाद घालत बसलेत, पण बिंबफळ म्हणजे आपलं तोंडलं, पिकलेलं. भाजीला आणलेली तोंडली दोन दिवस फ्रीजमध्ये विसरलात की कापल्यावर आतून जो लालभडक रंग निघतो ना, तो. सावळ्या रंगाला लाल शोभत नाही असं ज्या कुणा काकूंनी तुम्हाला ऐकवलं असेल त्यांना हे सांगा.

या जुन्या प्रकारांत एक गोष्ट सारखी होती, आणि माझ्या मते पुढचं सगळं रामायण इथूनच कळतं. विड्यात कात आणि चुना भेटले की रंग चढतो, पण तो ओठात मुरतो, ओठावर बसत नाही. खालचा ओठ गुलाबी असेल तर त्यावर वेगळा लाल, वरचा ओठ काळसर असेल तर त्यावर वेगळा, म्हणजे एकाच पानाच्या विड्याने चार जणींचे ओठ चार तऱ्हेचे रंगायचे. शेड निवडायचा प्रश्नच नव्हता, शेड ओठच ठरवायचा. नळीतल्या लिपस्टिकने हे उलटं केलं, ती ओठ झाकून त्यावर स्वतःचा रंग बसवते.

ती नळी आली अमेरिकेत. १९१५ साली मॉरिस लेव्ही यांच्या नावावर धातूची सरकणारी नळी सांगितली जाते, आणि १९२३ मध्ये नॅशविलच्या जेम्स ब्रूस मेसन यांनी फिरवून वर येणाऱ्या नळीचं पेटंट घेतलं. आत काय होतं? मेण, तेल आणि रंग. तेल बहुतेक वेळा एरंडेल, तेच, लहानपणी नाक दाबून पाजायचे ते, आणि एरंडी पिकवण्यात आजही आपला देश जगात पहिला. लाल रंगासाठी कार्माईन, ते मेक्सिको-पेरूकडच्या फड्या निवडुंगावर जगणाऱ्या किड्यापासून मिळतं. गंमत म्हणजे आपला किरमिजी हा शब्द आणि कार्माईन हा शब्द लांबचे चुलत भाऊ आहेत, दोघांच्या मुळाशी किडाच, संस्कृत कृमीचा फारसी भाऊबंद. १७९५ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांनी हा किडा हिंदुस्थानात आणायचा प्रयत्न केला होता, पण भलतीच जात आली आणि रंग फिका निघाला, असो. अजून एक, लिपस्टिकच्या खोक्यावर बारीक अक्षरात रंगाच्या नावापुढे लेक असं छापलेलं असतं, तो तलावातला लेक नाही, आपल्या लाखेवरून तो शब्द गेलाय तिकडे. शब्द आपला गेला, रंग मात्र ठरवताना आपल्याला कुणी विचारलं नाही.

कारण शेड ठरत होत्या हॉलिवूडमध्ये. सुरुवातीच्या मूकपटांच्या फिल्मला लाल रंग दिसायचाच नाही, लाल ओठ पडद्यावर काळे यायचे, त्यामुळे नट्यांचे ओठ काय रंगाने रंगवायचे हे कॅमेऱ्यावर ठरायचं, चेहऱ्यावर नाही. तिथे मेकअपचा बादशहा होता मॅक्स फॅक्टर. त्याने पहिल्यांदा पद्धतशीर सांगितलं की पावडर, रूज म्हणजे गालांची लाली, आणि लिपस्टिक एकमेकांना आणि माणसाच्या रंगाला जुळली पाहिजेत, कलर हार्मनी म्हणायचा तो. कल्पना चांगलीच होती. पण जुळवणीचा पाया काय तर केसांचा रंग: ब्लाँड म्हणजे सोनेरी केसवाली, ब्रूनेट म्हणजे गडद केसवाली, लाल केसवाली, आणि मधलीच एक ब्राउनेट. आता या तक्त्यात कोल्हापूरची, कोचीची आणि कोहिमाची बाई एकाच खणात, कारण केस तिघींचे काळे! गहू आणि नाचणी एकाच डब्यात भरून वर धान्य अशी चिठ्ठी लावल्यासारखं झालं हे.

दुसऱ्या महायुद्धात तर याहून मजा. १९४३ मध्ये एलिझाबेथ आर्डेनने अमेरिकन मरीन दलातल्या बायकांसाठी माँटेझुमा रेड नावाची शेड काढली, ती कशाशी जुळवलेली होती तर युनिफॉर्मवरच्या लाल दोऱ्याशी आणि पट्ट्यांशी. चेहरा कुठलाही असो, शेड वर्दीची.

आपल्याकडे तोवर लिपस्टिक म्हणजे परदेशातून आलेली चैन. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची चणचण, आणि श्रीमंत बायकांच्या मेकअपवर ते बाहेर जातंय म्हणून नेहरूंनी जेआरडी टाटांना गळ घातली असं सांगतात. १९५२ मध्ये टाटांच्या तेल-साबणवाल्या कंपनीखाली लॅक्मे सुरू झाली, मुंबईत, फ्रेंच लोकांची मदत घेऊन. नाव फ्रेंच ऑपेरावरून, १८८३ चा पॅरिसचा प्रयोग, नायिका भारतातल्या ब्राह्मणाची मुलगी, आणि नाव म्हणजे फ्रेंच तोंडातली आपली लक्ष्मी. लक्ष्मी पॅरिसला गेली आणि आडनाव न बदलता परत आली म्हणा. पुढे साठच्या दशकापासून मूळच्या जिनिव्हाच्या सिमोन टाटांनी ही कंपनी मोठी केली.

माझ्या आईची लिपस्टिक पहिल्यापासून एकच, मरून. तिच्या मैत्रिणींचीही मरूनच. मला आधी वाटायचं की बिचाऱ्यांना चॉईस नव्हता, आणि नव्हताच फारसा, पण आता वाटतं की त्यात अक्कल पण होती. कुंकू मरून, मग टिकली मरून, ती चेहऱ्यावर कशी दिसते हे रोज आरशात बघून पक्कं झालेलं, तोच रंग ओठांना. कुठल्या तक्त्याची गरज नाही. आणि ती नळी संपायची नाहीच कधी. वरची कांडी झिजून सपाट झाली की आई काडेपेटीतली काडी घ्यायची, गूल नसलेल्या टोकाने तळातलं लाल खरवडायची, बोटावर घेऊन त्यात थोडं व्हॅसलीन मळायची आणि मग बोटानेच ओठांना. तळातला तो मालमसाला अजून सहा महिने, तीन लग्नं आणि एक मुंज पुरायचा. आणि खरं सांगू का, काडीवालीच जास्त छान दिसायची. व्हॅसलीनमुळे रंग पातळ व्हायचा, खालचा ओठ थोडा दिसायचा, म्हणजे परत तेच, विड्यासारखं.

आता न्यूडकडे. साठच्या दशकात युरोपात डोळे काळेभोर आणि ओठ फिके अशी फॅशन आली. फिका रंग करायचा तर लाल कमी करून पांढरं घालावं लागतं, आणि ते पांढरं म्हणजे टायटॅनियम डायऑक्साईड, भिंतीच्या पांढऱ्या ऑईलपेंटमध्ये असतं तेच. गोऱ्या, मुळात फिक्या ओठांवर ते खपून जातं. आपल्या ओठांना स्वतःचा रंग असतो, बऱ्याच जणींचा वरचा ओठ खालच्यापेक्षा गडद, कडा तपकिरी, त्यावर हे पांढरं चढलं की राखाडी झाक येते, आणि फ्लॅश पडला की ते अजून चमकतं. माझ्या ताकाचं रहस्य हे एवढंच.

हीच तक्रार अमेरिकेतल्या काळ्या बायका कधीच्या करत होत्या. एबनी मासिकवाल्या युनिस जॉन्सन यांच्या फॅशन शोमधल्या मॉडेल्स स्वतःच रंग कालवून आपल्या स्किनला जुळवत, ते बघून १९७३ मध्ये त्यांनी फॅशन फेअर नावाचा ब्रँड काढला. आणि नव्वदच्या दशकातली ती तपकिरी लिपस्टिक आणि बाहेरून गडद लायनर, ती स्टाईल काळ्या आणि लॅटिना मुलींनी आधीच वापरात आणली होती, फॅशनच्या मासिकांना नंतर जाग आली.

ती ब्राऊन लाट आपल्याकडे आली ती १९९१ नंतर बाजार उघडला तेव्हा. १९९४ ला सुष्मिता सेन आणि ऐश्वर्या राय दोघी जिंकल्या, पाठोपाठ परदेशी ब्रँड आले आणि कॉलेजातल्या सगळ्याजणी चॉकलेटी ओठ करून फिरायला लागल्या. हसतात आता त्या फोटोंना, मला मात्र वाटतं की आपल्या ओठांना इतकी मानवलेली फॅशन दुसरी आली नाही. कारण साधं आहे, ब्राऊन शेडचा रंग मुख्यतः आयर्न ऑक्साईडचा, म्हणजे गेरू. तुळशीवृंदावनाला लावतो तो गेरू. त्यात पांढरं कमी, माती जास्त, आणि मातीचा रंग आपल्या ओठांत आधीच आहे.

मधल्या काळात ऐंशीच्या दशकात अजून एक तक्ता येऊन गेला होता, चार ऋतूंचा. माणसाचे रंग स्प्रिंग, समर, ऑटम, विंटर असे, आणि त्याप्रमाणे लिपस्टिक. त्यात काळे केस, काळे डोळे म्हणून आपण जवळपास सगळे विंटर! नागपूरच्या मे महिन्यात जन्मलेली माझी नणंद सुद्धा विंटर. त्याचंच पुढचं पिल्लू म्हणजे हल्लीचं वॉर्म-कूल अंडरटोन, म्हणजे कातडीखालची पिवळसर किंवा निळसर झाक, मनगटाच्या शिरा हिरव्या दिसल्या तर वॉर्म, निळ्या दिसल्या तर कूल. माझी एक शीर हिरवी दिसते, एक निळी, ट्यूबलाईट लावली की दोन्ही जांभळ्या. पूर्ण खोटं आहे असं नाही म्हणत, लाल निवडताना थोडा उपयोग होतो, निळसर झाक असलेला लाल आणि नारिंगी झाक असलेला लाल दोन्ही शेजारी लावून बघितले तर एकाने चेहरा उजळतो आणि एकाने थकलेला दिसतो हे खरंच आहे. पण ते कळतं लावून, मनगट बघून नाही.

न्यूड हा शब्द तर मुळातच गडबडीचा. कुणाच्या अंगाचा रंग? क्रेयॉन बनवणाऱ्या क्रेओलाने फ्लेश नावाच्या खडूचं नाव १९६२ मध्ये बदलून पीच केलं. मेरियम-वेबस्टर डिक्शनरीने न्यूडची गोऱ्या कातडीवरची व्याख्या दुरुस्त केली ती २०१५ मध्ये, म्हणजे त्रेपन्न वर्षांनी! २०१७ ला गायिका रिहानाच्या फेंटी या ब्रँडने एकदम ४० शेड्सचं फाउंडेशन, म्हणजे चेहऱ्याला लावायचा कातडीच्या रंगाचा थर, आणलं आणि मग बाकीच्यांची धावपळ झाली. आपल्याकडे फेअर अँड लव्हलीमधलं फेअर जायला २०२० उजाडलं, तो वेगळाच विषय आहे, त्यावर बोलायला बसले तर रात्र पुरणार नाही.

ताक प्रकरणानंतर मी हाताच्या पाठीवर शेड बघणं बंद केलं. बोटाच्या पेराच्या आतल्या बाजूला लावते, तिथला रंग ओठाच्या जरा जवळचा असतो, आणि दुकानाच्या दाराबाहेर येऊन उन्हात बघते, काउंटरवाली कितीही वैतागू दे. न्यूड घ्यायची तर माझ्या वरच्या ओठाशी जुळवून, नाहीतर एक शेड गडदच, गुलाबी-तपकिरी, पोळीच्या रंगाची कधीच नाही. लालमध्ये मला नारिंगी झाक चालत नाही, माझ्या बहिणीला तीच शोभते, एका आईच्या पोटच्या दोघी.

गेल्या दिवाळीत आईला घेऊन गेले होते. म्हटलं एकदा तरी मरून सोड. खूप शोधून तिच्या ओठांना इतकी जुळणारी न्यूड शेड काढली की मीच खूश. तिने दाराबाहेर उन्हात आरसा धरला, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, चष्मा पुसून परत बघितलं.

"लावलीयेस का खरंच?"

"हो गं, ती न्यूड आहे, तशीच दिसते."

"मग हिचे साडेसातशे कशाला द्यायचे?" म्हणाली, आणि आत जाऊन मरून घेऊन आली.