व्हॅल्प्रोएट

व्हॅल्प्रोएट हे अपस्मार (फिट, आकडी, मिरगी) आणि द्विध्रुवी मनोविकार (बायपोलर) या दोन वेगवेगळ्या आजारांवर दिले जाणारे औषध आहे. व्हॅल्प्रोइक आम्ल, सोडियम व्हॅल्प्रोएट आणि डायव्हॅल्प्रोएक्स ही त्याची बाजारात मिळणारी रूपे. शरीरात गेल्यावर तिन्हींचे काम एकच. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळते. मेंदूविकारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ हीच गोळी लिहून देतात, आणि तिथूनच घराघरांत घोळ सुरू होतो. ज्याला आयुष्यात कधी फिट आली नाही असा बायपोलरचा रुग्ण गोळीची माहिती वाचतो, ‘फिटची गोळी चुकून दिली’ असे समजतो आणि ती कपाटात ठेवून देतो.

हे औषध दोन बाजूंनी घात करू शकते. अचानक बंद केले तर करते, आणि कोणीही फेरविचार न करता वर्षानुवर्षे चालू ठेवले तरीही करते. सुरक्षित वापराचे बहुतेक नियम या दोन धोक्यांमधून वाट काढण्यासाठी आहेत.

शोध

व्हॅलेरिक आम्ल हे आपल्याकडच्या औषधी तगराच्या (बागेतल्या पांढऱ्या फुलांच्या तगरीच्या नव्हे) कुळातील व्हॅलेरियन या वनस्पतीत सापडते. त्याच्या जवळचे व्हॅल्प्रोइक आम्ल बेव्हर्ली बर्टन यांनी १८८२ मध्ये प्रयोगशाळेत तयार केले. पुढची ऐंशी वर्षे ते इतर पदार्थ विरघळवण्यासाठीच वापरले गेले. १९६२ मध्ये फ्रान्समधील ग्रेनोबल येथे प्येर एमार हे तरुण संशोधक खेलिन या वनस्पतिजन्य द्रव्यापासून नवी संयुगे बनवत होते. ती पाण्यात विरघळेनात, म्हणून व्हॅल्प्रोइक आम्लात विरघळवली आणि प्राण्यांवर तपासली. संयुग कोणतेही घ्या, आकडी थांबायचीच. गुण संयुगांचा नव्हताच, ज्यात ती विरघळवली होती त्या द्रवाचा होता. १९६७ मध्ये फ्रान्समध्ये ते औषध म्हणून विक्रीस आले. दरम्यान १९६६ मध्ये लाम्बेर या फ्रेंच मानसोपचारतज्ज्ञाने त्याच्याच एका रूपाचा द्विध्रुवी विकारातील उपयोग नोंदवला होता. अमेरिकेत अपस्मारासाठी १९७८ मध्ये आणि उन्मादासाठी (बायपोलरमधील मन अतिशय चढलेले असण्याच्या अवस्थेसाठी) १९९५ मध्ये परवानगी मिळाली.

मेंदूतील पेशींची अतिउत्तेजना शमवणाऱ्या गाबा या रसायनाचा प्रभाव ते वाढवते, तसेच पेशीपटलातील सोडियमचे मार्ग रोखते. मनाच्या चढउतारावर ते नेमके कसे चालते याचा पूर्ण उलगडा झालेला नाही. सर्वांगीण प्रकारच्या अपस्मारात (ज्यात फिट सुरुवातीपासूनच मेंदूच्या दोन्ही बाजूंत असते) मात्र त्याच्या तोडीचे औषध अजून क्वचितच सापडते. म्हणूनच इतके दोष ठाऊक असूनही ते टिकून आहे.

गोळी ओळखणे

भारतात एन्कोरेट, व्हॅल्पारिन अशा अनेक नावांनी ते मिळते. नावापुढची क्रोनो, सीआर, ईआर ही शेपटे शोभेची नसतात. अशी गोळी औषध हळूहळू सोडते. ती चावली, कुटली किंवा पाण्यात विरघळवली तर दिवसभराचा डोस एकदम रक्तात उतरू शकतो. गोळी गिळता येत नसेल तर पातळ औषध मिळते, ते डॉक्टरांकडून मागून घ्यावे. ‘क्रोनो ५००’च्या वेष्टनावर सोडियम व्हॅल्प्रोएट ३३३ मिलिग्रॅम आणि व्हॅल्प्रोइक आम्ल १४५ मिलिग्रॅम असे छापलेले पाहून काही जण केमिस्टशी हुज्जत घालतात. दोन्ही मिळून ५०० मिलिग्रॅम सोडियम व्हॅल्प्रोएटच्या बरोबरीचे होतात, त्यात फसवणूक नाही. केमिस्टने ‘हीच कंपनी नाही, दुसरी देतो’ म्हटल्यावर मात्र शेपूट तेच आहे ना, हे पाहावे. साधी गोळी आणि ईआर गोळी एकमेकींच्या जागी मिलिग्रॅमला मिलिग्रॅम चालत नाहीत. हळू सुटणाऱ्या काही गोळ्यांचा रिकामा सांगाडा शौचातून बाहेर पडतो. त्यातले औषध आधीच शोषले गेलेले असते. जुलाब चालू असताना असे दिसले तर मात्र डॉक्टरांना सांगावे.

सोडियम व्हॅल्प्रोएट हवेतील ओलावा शोषून घेते. कोकणातल्या पावसाळ्यात आठवड्याच्या गोळ्या पाकिटातून काढून खणांच्या डबीत भरून ठेवल्या तर त्या चिकट आणि मऊ होतात. डबी वापरायचीच असेल तर पाकीट कात्रीने कापून गोळी वेष्टनासकट ठेवावी. बाथरूममधले कपाट आणि ओट्याजवळचा रॅक या दोन्ही जागा वाईट.

वेळ, उपास, जागरण

प्रौढांना सुरुवातीला साधारणतः वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १० ते १५ मिलिग्रॅम देतात आणि हळूहळू वाढवतात. उन्मादात याहून जलद वाढवावे लागते. जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. एकादशीला किंवा नवरात्रात ‘आज काही खायचे नाही’ म्हणून गोळी चुकते, हे दवाखान्यांत नेहमी दिसणारे चित्र. उपासाची खिचडी किंवा एखादे केळे गोळीला पुरते. निर्जळी उपास करणाऱ्यांनीही गोळीपुरते घोटभर पाणी घ्यावे. व्रत त्याने मोडत नाही, असे घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने एकदा मोठ्याने सांगितले की प्रश्न मिटतो. जागरणाचा मामला उपासाहून कठीण. झोप मोडल्याने काही जणांत फिट येते आणि बायपोलरच्या रुग्णात उन्माद उसळू शकतो. गणपतीतली रात्रभराची आरास दोघांनाही महागात पडू शकते, गोळी वेळेवर घेतली असली तरीही.

गोळी चुकली तर आठवताच घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी, दोन एकदम घेऊ नयेत. दारूने गुंगी वाढते, झोप बिघडते आणि यकृतावरचा भार वाढतो.

रक्तातील पातळी तपासायची असेल तर नमुना सकाळची गोळी घेण्यापूर्वी द्यावा लागतो. घरातून निघताना सवयीने गोळी घेऊन लॅबमध्ये गेलेल्यांचा अहवाल फुगलेला येतो, आणि त्यावरून विनाकारण डोस कमी केला जाण्याची भीती असते. दर मिलिलिटरला ५० ते १०० मायक्रोग्रॅम ही नेहमीची मर्यादा; उन्मादात १२५ पर्यंत चालवतात. तरी आकड्यापेक्षा रुग्ण कसा आहे, याला वजन जास्त.

दुष्परिणाम

हात थरथरणे, केस गळणे, सुस्ती, भूक आणि वजन वाढणे हे नेहमीचे. तरुण मुली गोळी गुपचूप सोडतात त्याचे कारण बहुधा केस आणि वजन हेच असते. ‘एवढ्याशा गोष्टीसाठी’ असे म्हणणाऱ्या नातेवाइकांनी त्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. डोस बदलून किंवा औषध बदलून यावर इलाज होऊ शकतो. डॉक्टरांपर्यंत तक्रार पोचली पाहिजे इतकेच.

गंभीर दुष्परिणाम विरळ आहेत, पण त्यांत वेळ दवडता येत नाही. यकृताला इजा झाली तर ती बहुतेक पहिल्या ६ महिन्यांत होते. २ वर्षांखालील, एकाच वेळी अनेक औषधे घेणारी आणि पोल्ग या जनुकात दोष असलेली मुले यांना धोका सर्वांत जास्त. वारंवार उलटी, अन्नावरची वासना उडणे, डोळे पिवळे होणे, आटोक्यातल्या फिट अचानक वाढणे ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. पोटात असह्य कळ येऊन पाठीत गेली तर स्वादुपिंडाचा दाह असू शकतो. अंगावर आपोआप निळे डाग उमटणे किंवा हिरड्यांतून रक्त येणे म्हणजे प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) घटल्याची शंका घ्यावी, आणि दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला या गोळीबद्दल सांगावे. यकृताच्या चाचण्या नीट असूनही रक्तातील अमोनिया वाढून माणूस भ्रमिष्टासारखा वागू शकतो. बायपोलरच्या रुग्णात त्याला ‘आजार उलटला’ असे समजून गोळी वाढवली जाण्याचा धोका आहे. मनात आत्महत्येचे विचार येऊ लागले तर तेही त्याच दिवशी सांगावे.

इतर औषधांशी वैर

लॅमोट्रिजीन हे औषधही याच दोन आजारांवर देतात. व्हॅल्प्रोएटबरोबर घेतल्यास त्याची रक्तातील पातळी साधारण दुप्पट होते आणि त्वचेवर जीवघेणे पुरळ येण्याची शक्यता वाढते, म्हणून त्याचा डोस निम्म्यावर ठेवून अतिशय सावकाश वाढवतात. मेरोपेनेमसारखी कार्बापेनेम गटातील प्रतिजैविके याच्या उलट करतात. ती सुरू होताच व्हॅल्प्रोएटची पातळी एकदोन दिवसांत कोसळते आणि गोळी चालू असूनही फिट येते. रुग्ण न्यूमोनियासाठी अतिदक्षता विभागात असतो, तिथल्या डॉक्टरांना घरची गोळी ठाऊक नसते. म्हणून गोळीचे नाव आणि डोस लिहिलेली चिठ्ठी पाकिटात असावी. ॲस्पिरिनने व्हॅल्प्रोएटचा परिणाम वाढतो. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी तो कमी होऊ शकतो. ‘फिट कायमची बंद’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही चूर्णांत फेनोबार्बिटोन हे ॲलोपॅथीचेच औषध मिसळल्याचे तपासण्यांत आढळले आहे. त्या पुडीने गुण येतो, पण किती डोस पोटात गेला हे कोणालाच कळत नाही.

गर्भारपण आणि लग्न

या औषधाचा सर्वांत मोठा दोष इथे आहे. गर्भारपणात व्हॅल्प्रोएट घेतलेल्या सुमारे १० टक्के स्त्रियांच्या बाळांत जन्मजात व्यंग आढळते. एरवी हे प्रमाण २ ते ३ टक्के असते. पाठीचा कणा उघडा राहणे हे त्यांतले एक. शिवाय ३० ते ४० टक्के मुलांच्या बोलण्याचालण्यात, बुद्धीच्या वाढीत अडचणी येतात आणि स्वमग्नतेचे प्रमाणही वाढते. डोस जितका मोठा तितका धोका मोठा. गर्भाची मज्जानलिका (जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात) गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचे लक्षात येईपर्यंत वेळ जवळजवळ निघून गेलेली असते. फॉलिक आम्ल घ्यावे, पण त्याने हा धोका पुसला जात नाही. ब्रिटनमध्ये २०१८ पासून मूल होऊ शकणाऱ्या स्त्रीला खात्रीच्या गर्भनिरोधनाच्या कार्यक्रमाशिवाय हे औषध देत नाहीत; जानेवारी २०२४ पासून ५५ वर्षांखालील स्त्री वा पुरुष कोणालाही ते नव्याने सुरू करायचे तर दोन तज्ज्ञांचे एकमत लागते.

आपल्याकडे अडचण वेगळी आहे. स्थळ मोडेल म्हणून मुलीची फिट लपवली जाते आणि सासरी गोळी दिसू नये म्हणून लग्नाच्या आठवड्यात ती बंद होते. हळद, जागरण, दगदग आणि त्यात गोळी नाही : फिट येण्यासाठी याहून वेगळी तयारी लागत नाही. ज्या लपवतही नाहीत आणि थांबवतही नाहीत, त्या तीच गोळी घेत गर्भार राहतात, कारण चिठ्ठीवर वर्षानुवर्षे ‘तेच चालू ठेवा’ एवढेच लिहिलेले असते. हिंदू विवाह कायद्यातील अपस्माराचा उल्लेख १९९९ च्या दुरुस्तीने वगळला गेला, त्यामुळे फिट येते म्हणून विवाह अवैध ठरत नाही. लग्न ठरण्याच्या आधीच, निदान मूल हवे असे ठरण्याच्या सहा महिने ते वर्षभर आधी, औषध बदलता येईल का हे डॉक्टरांना विचारावे. अपस्मारात लेव्हेटिरॅसिटाम किंवा लॅमोट्रिजीन हे पर्याय अनेकींना चालतात. दिवस राहिल्याचे कळल्यावर घाबरून गोळी फेकून देणे हा मात्र आईच्या जिवाशी खेळ आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. पुरुषांबाबतही युरोपीय औषध संस्थेने २०२४ मध्ये गर्भधारणेपूर्वीच्या तीन महिन्यांपुरती सावधगिरी सुचवली आहे.

बंद करणे

अचानक बंद केल्यास एकामागून एक फिट येत राहू शकतात. फिट ५ मिनिटांहून जास्त चालली तर १०८ ला फोन करावा. कांदा वा चप्पल हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये, माणसाला कुशीवर वळवावे. अपस्मारात साधारण २ वर्षे फिट न आल्यास डोस कमी करण्याचा विचार होतो. पौगंडातील मायोक्लोनिक (हातांना अचानक झटके येणाऱ्या) प्रकारात मात्र गोळी सुटली की फिट बहुधा परतते. बायपोलरमध्ये मन थाऱ्यावर असणे हा गोळीचाच परिणाम असू शकतो, त्यामुळे ‘आता बरे वाटते’ हे तिथे थांबवण्याचे कारण धरत नाहीत. अपस्मारात डोस कित्येक महिन्यांत पायरीपायरीने उतरवतात. त्या काळात आणि नंतरही काही महिने दुचाकी चालवणे, विहिरीत पोहणे, शिडीवर चढणे आणि एकट्याने चुलीपाशी काम करणे टाळायचे असते.