ओतण्याआधी हे वाचा: आमच्याकडून ग्लास, बर्फ आणि पेये नेणाऱ्या ग्राहकांसाठी

हे पत्रक आम्ही ग्लासांच्या प्रत्येक क्रेटसोबत देतो. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी घरातल्या एकाने तरी ते शांतपणे वाचावे, आणि ओतायला जो उभा राहणार आहे त्यानेच वाचले तर उत्तम.

उत्तर गोव्यात डिचोली, साखळी, म्हापसा या बाजूला घरगुती कार्यक्रमांना आम्ही माल पोचवतो. तक्रार आली की फोनवर वाद न घालता जाऊन बघायचे, हा आमचा नियम. असेच एकदा साखळीजवळच्या एका वाढदिवसाला बोलावणे आले. ‘बिअर मेलेली आहे, फेसच धरत नाही,’ असे यजमानांचे म्हणणे. आम्ही त्यांच्याच क्रेटमधली एक बाटली उघडली आणि दोन ग्लासांत ओतली. एक ग्लास टेबलावर होता तसाच घेतला, दुसरा नळाखाली नीट धुऊन घेतला. पहिल्यातला फेस अर्ध्या मिनिटात बसला. दुसऱ्यातला फेस बिअर संपेपर्यंत ग्लासाच्या कडेला चिकटून होता. झाले असे होते, की ग्लास पुसायचे फडके आणि बांगडे तळणाऱ्याचे हात पुसायचे फडके एकच होते. बाटलीत काहीही बिघडलेले नव्हते. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारींचे मूळ असेच शेवटच्या पाच मिनिटांत, म्हणजे ग्लासात, बर्फात किंवा ओतणाऱ्याच्या हातात सापडते. म्हणून हा कागद.

ग्लास

फेस म्हणजे बिअरमधून सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे. धान्यातली प्रथिने आणि हॉप्समधली (हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुले) कडू द्रव्ये त्यांना धरून ठेवतात. तेलाचा किंवा तुपाचा कण लागला की ही पकड सुटते. साबणाचा पातळ थर राहिला तरी तेच होते. लिपस्टिकसुद्धा मेणट असल्यामुळे फेस मोडते. गोव्यात बिअरसोबत रवा लावून तळलेली मासळी असणारच, ती असू द्या. फक्त ज्या हाताने मासळी वाढली त्याच हाताने ग्लास तोंडाशी धरून उचलू नका. ग्लास नेहमी बुडाशी धरावा.

आम्ही ग्लास धुऊनच देतो, पण क्रेट गाडीतून येते आणि अंगणात उघडी राहते. वापरण्याआधी ग्लास साध्या थंड पाण्यातून एकदा काढा आणि ओलाच वापरा. फडक्याने पुसू नका. फडक्याचे तंतू आणि वास दोन्ही ग्लासात उतरतात. पुन्हा धुवायचे झाले तर कढया-तवे घासायची घासणी ग्लासांना लावायची नाही, नवी वेगळी ठेवा. सुकायला जाळीवर उपडे ठेवा. टॉवेलवर उपडे ठेवले की आत दमट वास कोंडतो, पावसाळ्यात तर हमखास.

शंका असेल तर एक सोपी परीक्षा आहे. ग्लास ओला करून निथळू द्या आणि आतून बारीक मीठ भुरभुरा. मीठ सगळीकडे सारखे चिकटले तर ग्लास स्वच्छ आहे. मधे मोकळे डाग दिसले तर तिथे तेल आहे. भरलेल्या ग्लासातही हे ओळखता येते: बुडबुडे वर न जाता काचेला जागोजाग चिकटून बसले असतील, तर तिथे मळ आहे.

बिअर

नेहमीची लागर बिअर ४ ते ७ अंशांवर चांगली लागते. फ्रिजमध्ये बाटली गार व्हायला काही तास लागतात. टबात मात्र ती अर्ध्या तासात गार होते, पण त्या टबात बर्फाबरोबर पाणी हवे. नुसत्या बर्फाचे खडे बाटलीला जागोजागी टेकतात, पाणी सगळीकडून भिडते. घाई असेल तर त्यात मूठभर जाडे मीठ टाका. मिठामुळे बर्फाचे पाणी शून्याच्याही खाली जाते. फ्रीझरमध्ये बाटली ठेवून विसरू नका, गोठताना पाणी फुगते आणि बाटली फुटते.

स्कूटरच्या डिकीतून खड्डे खात आलेली बाटली लगेच उघडू नका, तासभर उभी राहू द्या. उन्हातही ठेवू नका. हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर ऊन पडले की त्यातून गंधकाचा उग्र वास येतो. तपकिरी काच हे बरेचसे अडवते. हिरवी फार कमी, आणि पांढरी जवळजवळ काहीच नाही. आमच्या दुकानात हिरव्या बाटल्या पुढच्या फळीवर दिसत नाहीत, त्याचे कारण हेच.

ओतताना ग्लास ४५ अंशांत तिरका धरा आणि आतल्या बाजूवरून धार सोडा. अर्ध्याहून थोडा जास्त भरला की ग्लास सरळ करा आणि उरलेली बिअर मधोमध ओता. वर दोन बोटे फेस आला पाहिजे. फेस नको म्हणून काठावरून हळूहळू ओतणारे पुष्कळ भेटतात, त्यात माप जास्त मिळते असे त्यांना वाटते. आम्हांला हे अजिबात पटत नाही. ग्लासात जो वायू सुटला नाही तो पोटात सुटतो, आणि दुसऱ्या ग्लासालाच माणूस म्हणतो, पोट भरले. शिवाय बिअरचा सुगंध त्या फेसातूनच येतो.

बर्फाने पांढरा झालेला ग्लास फोटोत छान दिसतो, पण काचेवरच्या हिमकणांमुळे फेस अनावर होतो आणि ते वितळून बिअर पातळ होते. थंड पाण्यातून काढलेला ग्लास पुरे.

बर्फ

मासळीवाल्यांकडचा लादीचा बर्फ टबात बाटल्या गार करायला चालेल, ग्लासात मुळीच नाही. तो पिण्यासाठी केलेला नसतो. ग्लासातला बर्फ आमच्याकडून बंद पिशवीत घ्या किंवा घरी पिण्याच्या पाण्याचा करा. घरचा करणार असाल तर फ्रीझरमध्ये शेजारी काय आहे ते पाहा. बर्फ वास ओढून घेतो, आणि सुरमईच्या पिशवीशेजारी दोन दिवस राहिलेला बर्फ चांगल्या व्हिस्कीचा सत्यानाश करतो. खडे मोठे असू द्यावेत, ते सावकाश वितळतात. ग्लासासाठी माणशी अर्धा किलो बर्फ धरा, टबाचा वेगळा.

पेगचे माप

लहान पेग ३० मिली, मोठा ६०. बाटलीचे झाकण किंवा ‘दोन बोटे’ हे माप नव्हे. दोन तोंडांचा स्टीलचा पेगमेजर क्रेटमध्ये ठेवलेला असतो, तोच वापरा. ७५० मिलीच्या बाटलीत २५ लहान पेग बसतात.

आता एक हिशेब, जो आम्ही प्रत्येक ग्राहकाला तोंडी सांगतो. आपल्याकडच्या व्हिस्की-रमवर बहुधा ४२.८ टक्के लिहिलेले असते, म्हणजे लहान पेगमध्ये सुमारे १३ मिली शुद्ध अल्कोहोल. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली घ्या: त्यात ५२ मिली अल्कोहोल असते. म्हणजे चार लहान पेग. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्या पाहुण्याला वाढताना हे लक्षात असू द्या.

चांगली व्हिस्की आधी नुसती चाखावी, मग चमचाभर पाणी घालून पाहावी. पाण्याने तिचा वास खुलतो. सोडा घालायचा तर तो गार असावा आणि शेवटी घालावा, ढवळू नये.

हुर्राक आणि फेणी

इथे थोडे सविस्तर लिहितो, कारण बाहेरून येणारे पाहुणे फेणी मागतात आणि आपणच ती नीट वाढत नाही.

काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणले, आणि बोंडापासून मद्य गाळायची विद्या गोव्याने इथे घडवली. पिकून पडलेली बोंडे तुडवून रस काढतात, तो आपोआप आंबतो आणि भट्टीवर चढतो. पहिल्या गाळपात निघतो तो हुर्राक, पुन्हा गाळली की फेणी. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दक्षिण गोव्यात माडाच्या सुरेपासून, म्हणजे माडीपासून, माडाची फेणीही काढतात. तिचा वास काजूच्या फेणीपेक्षा सौम्य. फेणी हे नाव फेसावरून आले असे मानतात, संस्कृतातला ‘फेन’ तोच. भट्टीवरची जुनी माणसे धार वरून सोडून वर तरंगणारे बुडबुडे किती वेळ टिकतात ते पाहत आणि त्यावरून जोर ओळखत. जोर मोजायच्या अंशाला ते ‘ग्राव’ म्हणत, आजही म्हणतात. घरी मात्र बुडबुड्यांवर भरवसा ठेवू नका, लेबल वाचा आणि लेबल नसलेली बाटली पाहुण्यांपुढे ठेवू नका.

हुर्राक मार्च ते मे एवढ्या दिवसांचाच. तो टिकत नाही, म्हणून पुढच्या नाताळासाठी ठेवून देऊ नका. लिम्का, चिमूटभर मीठ, लिंबाची फोड आणि उभी चिरलेली हिरवी मिरची, ही त्याची ठरलेली संगत. मिरची चिरावी, ठेचू नये. तो गोडसर आणि हलका लागतो आणि इथेच माणूस फसतो. सुमारे १५ टक्क्यांचा २०० मिली हुर्राक म्हणजे दोन लहान पेगांहून अधिक. मोठ्या ग्लासात हुर्राक शंभर मिलीच घाला, बाकी लिम्का आणि बर्फ.

फेणी लहान ग्लासात ३० मिली द्या. पहिल्यांदा पिणाऱ्याला नाक ग्लासात खुपसू देऊ नका. ग्लास हनुवटीजवळ धरून तोंड किंचित उघडे ठेवून वास घ्यायला सांगा. मग उग्रपणामागे पिकलेले बोंड हाती लागते. नंतर लिंबू-सोडा, शहाळ्याचे पाणी किंवा पातळ केलेले कोकमाचे आगळ, जे आवडेल ते. कोला घालू नका, त्याच्या गोडव्याखाली फेणी आणि कोला दोन्ही बिघडतात, असे आमचे स्पष्ट मत आहे. फेणीसाठी पेगमेजर वेगळा ठेवा आणि प्लॅस्टिकचे कप टाळा. हा वास प्लॅस्टिकमध्ये मुरतो आणि नंतरच्या सरबतालाही लागतो.

वाइन

‘रेड वाइन थंड करत नाहीत’ हे थंड देशांतल्या घरांसाठी खरे, तिथे खोली १६ ते १८ अंशांची असते. आपली मे महिन्यातली खोली ३० च्या वर. रेड वाइन अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून द्या. व्हाइट ८ ते १२ अंशांवर, फसफसणारी त्याहून गार. ग्लास तिसरा हिस्साच भरा आणि देठाला धरा. बाटलीत पाच ते सहा ग्लास निघतात. गोव्याची गोड पोर्ट वाइन लहान ग्लासात, साधारण ६० मिली.

फसफसणारी बाटली उघडताना बुचावर अंगठा घट्ट ठेवूनच तार सोडा. बाटली तिरकी धरा, बूच स्थिर ठेवा आणि बाटली फिरवा. बूच हळूच सुस्कारा टाकून निघाले पाहिजे. तोंड कुणाच्याही दिशेला नको, आत मोटारीच्या टायरपेक्षा जास्त दाब असतो. वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर तो दोष बुचाचा, बाटली आणून द्या, आम्ही बदलून देतो.

पाहुणे

२१ वर्षांखालील कुणालाही वाढायचे नाही, तो गोव्याचा कायदा आहे. गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले, तर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. कोण गाडी चालवणार हे यजमानाने सुरुवातीलाच विचारून घ्यावे आणि त्याला कोकम सरबत द्यावे, तेही अशाच चांगल्या ग्लासात, बर्फ घालून. न पिणाऱ्याला कागदी कप देऊ नये.

परत देताना

ग्लास साबणाने धुऊ नका, पाण्यातून काढा आणि क्रेटमध्ये उपडे ठेवा. लिपस्टिकचे आणि तेलाचे डाग आम्ही सोड्याने काढतो. फुटलेल्या ग्लासाचे तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीवर ‘काच’ असे लिहून द्या, कारण क्रेट उतरवणारा मुलगा हात आत घालूनच उतरवतो.