मोठं काम काढण्याआधी: गाडीवर खर्च करायचा की नाही, हे कसं ठरवावं

इंजिन, गिअरबॉक्स, टर्बो यांचं मोठं काम निघालं की ग्राहकाचा पहिला प्रश्न असतो, 'किती येईल?' आमच्या मते हा प्रश्न दुसरा. पहिला असा हवा: 'हेच बिघडलंय, हे कशावरून ठरवलंत?' आवाज ऐकून, धूर पाहून अंदाज बांधण्यात गैर काहीच नाही. त्या अंदाजाच्या भरवशावर इंजिन खाली उतरवणं मात्र गैर आहे. हे पत्रक वाचून तुम्ही काम आम्हाला द्याल, दुसऱ्या कुणाला द्याल किंवा काढणारच नाही. आम्हाला तिन्ही चालेल.

आधी आकडा मागा

'इंजिनात दम राहिला नाही' हे निदान नव्हे, ही तक्रार झाली. निदान म्हणजे आकडा. पेट्रोल इंजिनासाठी पहिली तपासणी कॉम्प्रेशनची, म्हणजे पिस्टन सिलिंडरमधली हवा किती दाबतो याची. इंजिन गरम असताना सगळे प्लग काढायचे, इंधन आणि स्पार्क बंद करायचा, एकेका सिलिंडरला गेज लावायचा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि सेल्फ मारायचा. बॅटरी भरलेली हवी, नाहीतर सेल्फ हळू फिरतो आणि चांगलं इंजिनही चारही सिलिंडरना कमी आकडा दाखवतं. चांगल्या स्थितीतल्या पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १४ बार (दाबाचं माप) येतात, डिझेलमध्ये २० ते ३० च्या घरात. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा कंपनीच्या दुरुस्ती पुस्तकात असतो. पण आकडा किती आला यापेक्षा सिलिंडरांमध्ये आपसात किती फरक आहे, ते जास्त बोलकं. १०-१५ टक्क्यांपलीकडे फरक गेला की शोध घ्यायलाच हवा.

समजा गेजवर आलं: १२.५, १२.३, १२.४ आणि चौथ्यात ७.८. आता चौथ्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडायचं आणि पुन्हा मोजायचं. आकडा १०.५ वर चढला, तर ऑइलने काही वेळापुरती फट बुजवली, म्हणजे रिंग (पिस्टनभोवतीची कडी) किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलंय. आकडा जागचा हललाच नाही, तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही किंवा हेड (इंजिनाचा वरचा भाग) आणि ब्लॉक यांच्यामधलं गॅस्केट गेलंय. पहिल्यात पिस्टन बाहेर काढावे लागतात, दुसऱ्यात हेड उतरवून भागण्याची शक्यता मोठी. दोन्हींच्या बिलात खूप अंतर आहे, आणि ते अंतर एका चमचाभर ऑइलने कळतं. शेजारशेजारचे दोन सिलिंडर, म्हणजे दुसरा आणि तिसरा, दोन्ही ७ च्या आसपास असतील आणि ऑइल टाकूनही चढत नसतील, तर त्या दोघांमधली गॅस्केटची पट्टी जळाल्याचा संशय सर्वांत पक्का.

यापुढची पायरी म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडणं आणि ती कुठून निसटते ते ऐकणं. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरच्या बाजूने आली तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंग, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर हेड गॅस्केट किंवा तडा. इथे ग्राहकाने शेजारी उभं राहून स्वतः ऐकावं. यात कळायला अवघड असं काही नाही.

स्कॅनरने दाखवलेला कोड हे मात्र अर्धंच उत्तर. कोड सांगतो की अमुक ठिकाणचं माप बिघडलंय. ते कोणत्या पार्टमुळे बिघडलं, हे तो सांगत नाही. पी०४२० (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा भाग, नीट काम करत नसल्याचा कोड) आला म्हणून कन्व्हर्टर बदलायला निघालेली गाडी कधी कधी सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट पाइपला असलेल्या बारीक गळतीची असते.

स्वस्तातले संशयित आधी

मोठ्या कामाची लक्षणं आणि किरकोळ बिघाडाची लक्षणं अनेकदा सारखीच दिसतात. इंजिन ऑइल खातंय, सीलमधून ऑइल पाझरतंय: क्रँककेसमधली वाफ बाहेर सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबला तरी हेच होतं. आत दाब साठतो आणि तो मिळेल त्या सीलमधून ऑइल ढकलतो. निळा धूर रात्रभर उभ्या गाडीला सकाळी सेल्फ मारल्यावर क्षणभर येऊन थांबत असेल तर बहुधा व्हॉल्व्हचे सील. चढावर जोर लावल्यावर सतत येत असेल तर रिंगांकडे बघायचं. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोचं सीलही असाच धूर काढतं.

डिझेल गाडी काळा धूर सोडते आणि पिकअप देत नाही, म्हणून लगेच टर्बो बदलू नये. टर्बोपासून इंजिनाकडे जाणाऱ्या हवेच्या रबरी पाइपला चीर पडली असेल तरी नेमकं हेच होतं. सगळे इंजेक्टर बदलण्याआधी परतीच्या इंधनाची तपासणी मागा: प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला सारखी बाटली लावून इंजिन काही मिनिटं चालू ठेवतात. चारांपैकी एकच बाटली भराभर भरली, तर तो एक बाहेर काढायचा.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स झटके देतोय? आधी ऑइलची पातळी, मग बॅटरी आणि अर्थिंगची वायर. बंद गाडीत बॅटरीला साधारण १२.६ व्होल्ट हवेत. व्होल्टेज पडलं की गिअरबॉक्सचा कंट्रोलर वेड्यासारखा वागू शकतो. गिअरबॉक्सच्या पॅनमधल्या चुंबकावर राखाडी, मऊ लेप दिसला तर घाबरू नका, ती नेहमीची झीज. बोटाला टोचतील असे धातूचे तुकडे निघाले तर मात्र ओव्हरहॉल टळत नाही.

आणि एक सांगायलाच हवं: ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली म्हणजे हेड गॅस्केट गेलंच, असं नाही. रोज दोन-तीन किलोमीटरच धावणाऱ्या गाडीत इंजिन पुरतं तापत नाही आणि वाफेचं पाणी तिथे जमतं. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ आहे का, कूलंट कमी होतंय का, हे पाहिल्याशिवाय बोलू नये.

हेड गॅस्केट: सगळ्यात जास्त फसवणारं काम

गॅस्केट सहसा आपणहून जात नाही. इंजिन आधी तापतं, हेड वाकतं, मग गॅस्केट जातं. त्यामुळे नुसतं गॅस्केट बदलून दिलेली गाडी काही महिन्यांत पुन्हा त्याच जागी येते. तापण्याचं कारण शोधलं का, हे विचारा: पंखा लागतो का, थर्मोस्टॅट उघडतो का, रेडिएटर आतून तुंबलाय का, वॉटर पंपाची पाती झिजली आहेत का.

हेड उतरवल्यावर त्यावर सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरकी ठेवून खालून फीलर गेजची पात सरकवून बघतात. बऱ्याच इंजिनांत ०.०५ मिलिमीटरची पात आत गेली की फेसिंगचा, म्हणजे हेड घासून सपाट करण्याचा, विचार सुरू होतो, ०.१ गेली तर जवळपास नक्कीच. हेड किती घासता येतं यालाही मर्यादा असते, आणि आधी एकदा घासलेलं हेड कधी कधी त्या मर्यादेपलीकडे गेलेलं असतं. फेसिंगआधी हेडची प्रेशर टेस्ट करून घ्या. तडा गेलेलं हेड गुळगुळीत करून काय उपयोग? हेडचे बोल्टही बघा: अनेक इंजिनांत ते ठरावीक टॉर्कनंतर ९० अंशांसारख्या कोनात आणखी आवळायचे असतात आणि त्यात ताणले जातात. असे बोल्ट एकदाच वापरायचे. बिलात नवे बोल्ट नसतील तर का नाहीत, ते विचारा.

अंदाजपत्रक दोन टप्प्यांत घ्या

इंजिन उघडल्याशिवाय शेवटचा आकडा कुणीच प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. म्हणून कागदावर दोन टप्पे लिहून घ्या. पहिला: उघडून मोजण्याचा खर्च. दुसरा: बरं निघालं तर किती, वाईट निघालं तर किती. आणि मधला प्रश्न, जो बहुतेक जण विसरतात: उघडल्यावर काम नको ठरलं तर उघडण्याचे पैसे किती, आणि गाडी जोडून मिळेल की पेटीत भरून? हे आधी लिहिलेलं नसेल तर सुट्या इंजिनासमोर उभ्या असलेल्या ग्राहकाला 'करा पुढे' म्हणण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

पार्ट, मजुरी, लेथवर होणारं काम, ऑइल-कूलंट-गॅस्केट किट, कर, हे सगळं वेगवेगळ्या ओळींत हवं. पार्ट मूळ कंपनीचा, दुसऱ्या कंपनीचा नवा की जुना वापरलेला, तेही. ठरलेल्या आकड्याच्या वर जायचं असेल तर आधी फोन, मग काम. काढलेले जुने पार्ट परत मागा; बदल्यात द्यायचे असतील तर निदान बघायला तरी. वॉरंटी महिने आणि किलोमीटर दोन्हींत लिहिलेली असावी, पार्टची आणि मजुरीची वेगळी. तुम्ही स्वतः आणलेल्या पार्टची जबाबदारी सहसा कुठलंच गॅरेज घेत नाही. आम्हीही घेत नाही.

बोअर करायचं, म्हणजे झिजलेला सिलिंडर कापून मोठा करायचं, ठरलं तर पिस्टन आधी हातात यावेत, मग त्यांच्या मापाने बोअर. ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठे) पिस्टन मिळतात की नाही हे न बघता ब्लॉक लेथवर पाठवला, तर पंचाईत होते. झिजून अंडाकृती झालेल्या बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घालणं हे स्वस्त वाटणारं, पण बहुतेक वेळा वाया जाणारं काम.

काही पार्ट मात्र 'उगाच वाढवलेत' असं वाटलं तरी काढू नका. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवला की क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच जातात आणि क्रँकचं मागचं सील बघितलं जातं. सील ओलं असेल तर नवी प्लेटही ऑइल लागून सरकणार. टायमिंग बेल्टसोबत टेन्शनर, आणि पंप त्याच बेल्टवर असेल तर वॉटर पंप. नवा टर्बो बसवताना ऑइलची नळी आणि ऑइल दोन्ही नवं. जुन्या नळीतला कार्बन नव्या टर्बोचीही तीच गत करतो.

हिशेब कसा मांडायचा

लोक दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीशी ताडून बघतात. त्यात एक गोष्ट निसटते. समजा चालू अवस्थेत तुमच्या गाडीला बाजारात १०० मिळतात. आज, बिघडलेल्या अवस्थेत, ४०. हे काम ४५ चं. पुढच्या वर्षभरात येऊ घातलेले टायर, बेल्ट, सस्पेन्शनचे बुश मिळून १५. तेव्हा ताडायचं ते ४५ आणि १०० नव्हे. दुरुस्तीने किंमत वाढते ६० ने, आणि तुमच्या खिशातून जातात ६०. विकण्यासाठी दुरुस्त करत असाल तर हाती काहीच उरत नाही. वापरायची असेल तर महिन्यांनी भागा: तीन वर्षं वापरलीत तर महिन्याला पावणेदोनच्या आत, एकच वर्ष वापरलीत तर महिन्याला ५. मग दुसऱ्या गाडीचा हप्ता, विमा आणि तिच्यातल्या न दिसणाऱ्या दोषांची धास्ती त्याच्यासमोर ठेवा. स्वतःच्या गाडीची खोड आपल्याला माहीत असते, आणि या माहितीलाही किंमत आहे.

गेल्या वर्षी नवा क्लच घातला, आता गाडी कशी सोडणार? ते पैसे गेले. त्याचा उपयोग एवढाच की पुढच्या वर्षाच्या यादीत क्लच नाही.

आम्ही स्वतःहून 'नको' म्हणतो ते मुख्यतः गंजापायी. लिफ्टवर घेतल्यावर दाराखालच्या पट्टीत किंवा सस्पेन्शन जिथे बॉडीला बसतं तिथे स्क्रू ड्रायव्हर दाबला आणि तो आत गेला, तर नव्या इंजिनाला बसायला घरच उरलेलं नाही. पाण्यात बुडून वायरिंगमध्ये ओल शिरलेल्या गाडीचंही तेच. तिचा एक बिघाड काढला की दुसरा उभा राहतो.

जुनं इंजिन आणून बसवण्याचा पर्याय वाईट नसतो, पण ते गाडीत चढवण्याआधी कॉम्प्रेशन मोजलेलं हवं, आणि टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, मागचं सील बाहेर असतानाच बदलून घ्यावं. गाडीच्या कागदांवर इंजिन नंबर असेल तर बदल नोंदवावा लागेल.

दुसरं मत घेताना

दुसऱ्या गॅरेजला पहिल्याचं निदान सांगू नका, लक्षण सांगा. 'गॅस्केट गेलंय म्हणे' असं म्हटलंत तर तो गॅस्केटचा भाव सांगेल. 'अर्ध्या तासाने काटा वर चढतो आणि कूलंट कमी होतं' असं म्हटलंत तर तो शोधेल. दोघांचे आकडे मग शेजारी ठेवा.

घाई कशाची आणि कशाची नाही, तेही बघा. ऑइल प्रेशरचा दिवा लागला, आतून ठोके येऊ लागले किंवा तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला तर गाडी तिथेच बंद करा आणि टो करून आणा. आणखी पाच किलोमीटर म्हणजे क्रँकही गेलाच. टायमिंग बेल्टची मुदत उलटली असेल तर थांबू नका. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. ब्रेक आणि स्टिअरिंगला सबब नाही. व्हॉल्व्ह कव्हरवरचं थोडं ओलसर ऑइल महिनाभर थांबतं, पातळी तेवढी बघत राहा.

तपासणीला येताना शेवटच्या सर्व्हिसची बिलं आणा. गाडी ऑइल खाते अशी शंका असेल तर डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भरा, किलोमीटर लिहून ठेवा आणि १००० किलोमीटरनंतर पुन्हा त्याच खुणेपर्यंत यायला किती लागलं ते मापाने मोजून आणा. तापण्याची तक्रार असेल तर आदल्या रात्रीपासून इंजिन सुरू करू नका, शक्य असेल तर गाडी ओढून आणा; थंड इंजिनावर पहिल्या सेल्फला रेडिएटरमध्ये काय होतं, ते आम्हाला बघायचं असतं. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण स्वतः उघडू नका.